साहेबांची खाट

देवळीच्या त्या पतसंस्थेत दोन कामं चालत. एक कर्जवसुली आणि दुसरी चौकशी. पहिलीत कुणाचा फारसा जीव रमत नसे.

मॅनेजर प्रभाकररावांनी नव्या क्लार्क रक्षाला काउंटरवरून आतल्या टेबलावर बसवलं आणि दुपारी अर्धा तास मागच्या खोलीतल्या खाटेवर पडायची मुभा दिली. तेव्हापासून संस्थेला अन्न गोड लागेना.

"त्या पोरीले झालं काय, साहेब?" रोखपाल बंडूजींनी विचारलं. "आमी काय परके हाओ का?"

"तुमच्या कामात अडचण होऊन राह्यली का? ते सांगा. बाकीचं मी अन् ती पाहून घेऊ."

हे काय उत्तर झालं? शोभाबाई टायपिस्टला तर त्या दिवशी डबा गेला नाही.

प्रभाकररावांना कारण ठाऊक होतं. रक्षाला फिट यायची, आणि गोळीनंतर झोप अनावर व्हायची. आधीच्या नोकरीत हे फुटलं, तेव्हा सगळे प्रेमळ सहकारी तिला हुंगवायला पायातली चप्पल काढून तयारच बसलेले असत. "इथंही कळलं तर मी घरीच बसीन, साहेब," ती म्हणाली होती. प्रभाकररावांना त्या चपलांचा भयंकर संताप आला होता.

चौकशी थांबेना, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "खोली सगळ्यायले मोकळी. ज्याले गरज वाटली त्यानं पडावं. कारण कोणी विचारायचं नाई." आणि कित्ता घालून द्यायला दुसऱ्या दिवशी स्वतःच आडवे झाले. बाहेर ऊन, आत कूलर, पोटात भरली वांगी. साहेब असे घोरले की काउंटरवरचे खातेदार दचकले.

संध्याकाळपर्यंत बंडूजींचं निदान पक्कं झालं. खाट मुळात साहेबांचीच! रक्षाचं बिचारीचं नुसतं नाव होतं.

रविवारी अख्खी संस्था बिस्किटांचे पुडे घेऊन साहेबांना 'पाहायला' घरी हजर. त्यांच्या पत्नी आनंदाबाई चाट पडल्या. "तुमाले काय झालं अन् मलेच पत्ता नाई?"

मला काहीच झालेलं नाही, हे प्रभाकररावांच्या अगदी ओठावर आलं. पण मग खाट कुणासाठी? त्यांनी गर्दीत मागे उभ्या असलेल्या रक्षाचा पांढराफटक चेहरा पाहिला, निमूट गादीवर टेकले आणि जमेल तितके कण्हले. शोभाबाईंनी समाधानानं डोळ्याला पदर लावला.

"फिट तं नाई येत?" बंडूजींनी दारातल्या चपलांवर नजर टाकली.

तेवढ्यात रक्षा पुढे आली. साहेबांच्या हातात मोसंबी ठेवत तिनं मोठ्यानं विचारलं, "साहेब, खरंच झालं तरी काय तुमाले?"

"ए पोरी!" बंडूजी तिच्यावर खेकसले. "आजारी माणसाले असं विचारत नसतेत!"