उजेडाची बाजू

वहिनींनी कोमट पाण्यातला रुमाल पिळला, त्याची चौकोनी घडी केली आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवली.

"बेबी, घड्याळ बघ गं. दहा मिनिटं."

"बघतेय. हलू नका."

बेबी म्हणजे धाकटी नणंद. चाळिशी उलटली तरी बेबीच. दुकान जेमतेम तिघांचं: मागे यजमानांचं इस्त्रीचं टेबल, पुढे कपडे घ्यायच्या फळीशी बेबी आणि मधे खिडकीला लागून वहिनींचं रफूचं स्टूल. इस्त्रीतून वाफ सुटली की वहिनींच्या गालांवर निखारे फुलत. उठून जावं तर कुठं? खिडकी एकच होती.

"रोझेशिया आहे. गालांवरचं दुखणं पापण्यांत उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "ताब्यात राहील, पण मुळापासून जायचं नाही. रोज शेक, पापण्यांच्या कडा साफ करायच्या, थेंब घालायचे, गोळ्या चुकवायच्या नाहीत. शेक फक्त पापण्यांना हं. चेहऱ्याला वाफ लागू देऊ नका."

"इस्त्रीवाल्याच्या बायकोनं राहावं कुठं मग?" वहिनींनी विचारलं होतं. त्यावर डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या होत्या.

फळीपाशी एक गिऱ्हाईक आलं.

"काय वहिनी, रात्रभर रडलात वाटतं?"

"तुमच्या कोटाचं भोक बघून रडू आलं," रुमालाखालून वहिनी म्हणाल्या.

गिऱ्हाईक हसत निघून गेलं. डोळ्यांत वाळू खुपत होती. तीन महिने हेच चाललं होतं. दुपारनंतर एका सुताची दोन सुतं दिसत. तरी काम सुटलं नव्हतं. लोक कपडे उलटसुलट करून बघत आणि म्हणत, कुठं फाटलं होतं तेच सापडत नाही. हाताची सवय, असं वहिनी स्वतःला सांगत. तेवढं एक सुटलं असतं, तर या वाफेत बसून राहायला निमित्तही उरलं नसतं.

कात्रीचा बारीक आवाज झाला.

"काय कापतेस गं?"

"पावत्या."

दहा मिनिटं झाली. वहिनींनी रुमाल काढला, थेंब घातले आणि उघडझाप केली. नेहमीचं धुकं डोळ्यांवर पसरायची वाट बघत राहिल्या. आज ते पसरलंच नाही. खिडकीची जाळी दिसली, जाळीवरची धूळही दिसली. त्यांनी हात लांब करून काल संपवलेला करडा कोट ओढला. रफू खरंच सापडेना. मग त्यांनी कोट उलटा केला.

आतल्या बाजूला कापलेल्या सुतांची टोकं उलट्या दिशेला झुकली होती. उजव्या हाताच्या रफूत ती कधीच तशी पडत नाहीत.

त्यांनी शेजारची शाल उलटली. तीच दिशा.

वीस वर्षांपूर्वी याच खिडकीशी त्यांनी बेबीला शिकवायला घेतलं होतं. पहिला धडा उजेडाचा: उजेड सुईच्या हाताच्या विरुद्ध बाजूनं यायला हवा, नाहीतर आपल्याच हाताची सावली टाक्यावर पडते. बेबी सारखी सावलीतच चुकायची. "तुझा हात उलटा. तुला रफू यायचं नाही," असं म्हणून त्यांनी तिला फळीशी बसवलं होतं.

पावतीपुस्तक खुंटीला होतं. बेबीच्या मांडीवर वहिनींनी सकाळी रफू केलेली विजार होती. डाव्या हातात सुई.

मागे इस्त्री थांबली.

वहिनींनी कोट नीट घडी करून जागेवर ठेवला.

"बेबी."

"हं?" विजार झटकन फळीखाली गेली.

"उद्या सकाळी हे स्टूल खिडकीच्या त्या बाजूला ठेव."

"त्या बाजूला? तुम्हाला तर उजेड डावीकडून लागतो ना?"

"मला लागतो. तुला नाही."

बेबीचा हात फळीखालीच राहिला. वहिनींनी वाटीत रुमाल बुडवला. पाणी केव्हाच गार झालं होतं. तरी त्यांनी घडी केली आणि डोळ्यांवर ठेवली.

"घड्याळ नको बघूस आता," त्या म्हणाल्या. "विजार पुरी कर."