एकाच घडीवर दोन ठिगळं

मित्रांनो, हळू बोलतो. मी वहिनीच्या मांडीवर आहे आणि समोर पब भरलेला आहे. मी एक जुना अकॉर्डियन आहे, आणि आत्ता माझी पाचावर धारण बसली आहे. माझा भाता उघडला की मी मोकळं बोलणार, मिटला की दबक्या आवाजात. गोष्ट तुकड्यातुकड्यांत मिळेल. सांभाळून घ्या.

उघड.

मला दोन भावांनी बनवलं. एकाने लाकूड तासलं, दुसऱ्याने आतल्या पितळी पट्ट्या घासून सुरात आणल्या. सतरा घड्यांचा भाता त्यांच्या आईने दुमडला. पहिल्या मालकाने मला लग्नांत वाजवलं, बोटीवर वाजवलं. लोक म्हणत, "हा माणसासारखा रडतो." मी फुगून जायचो. तसं माझं कामच ते.

मीट.

मग अकरा वर्षं अडगळीत. उंदरांची पावलं मोजत.

उघड.

वहिनीने मला बाहेर काढलं. ती चपला-बूट दुरुस्त करते. तिची नणंद शेजारच्याच दुकानात सायकलींची पंक्चर काढते. सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत वहिनी वाजवते, नणंद जुनी लोकगाणी गाते. गेल्या वेळी याच पबात नणंद माइकपुढे उभी राहिली, तोंड उघडलं, आणि मागच्या दाराने पळाली. तेव्हा म्हणाली होती, "आणखी एकदाच, वहिनी. पुन्हा पळाले तर गाणं कायमचं बंद."

मीट. आता खरी भीती सांगतो.

गुरुवारी माझी नववी घडी कोपऱ्यात फाटली. वहिनीने गुपचूप मला उघडून आतून चामड्याचं ठिगळ लावलं. तरी थोडी हवा जात होती. आज सकाळी ती फुसफुस नणंदेने ऐकली. तिने गुपचूप बाहेरून सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. वाळायच्या आधीच मला मिटून टाकलं. दोन घड्या एकमेकींना चिकटल्या. दोघींनाही दुसरीचं ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. पण त्यांना सांगता येत नाही.

"वहिनी, माझे पाय लटपटतायत."

"लटपटू देत. गायचं तोंडाने आहे."

"आणि पळाले तर?"

"मागच्या दारात तुझ्या दादाला बसवलंय. ओलांडून दाखव."

उघड. मीट. उघड. मीट. पहिलं गाणं चटपटीत होतं, छोट्या श्वासांचं. निभावलं. ठिगळ ताणलं जात होतं, आणि मी मनात म्हणत होतो, लांब सूर नको, लांब सूर नको. दुसऱ्या गाण्यात नणंदेने डोळे मिटले आणि लांब सूर लावला. तिला आधार द्यायला वहिनीने मला पूर्ण

फर्र.

घडी फाटली, माझा आवाज गेला. पबवाल्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. नणंदेने मागच्या दाराकडे पाहिलं. एक पाय तिकडे वळलाही.

"थांब," वहिनी म्हणाली. "चूक माझी. गुरुवारीच फाटला होता. मी आतून चामडं लावलं. तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस."

"चामडं?" नणंद गर्रकन वळली. "अगं, मी आज बाहेरून रबर लावलंय! तुला कळलं असतं तर तूच आज वाजवायला नको म्हणाली असतीस."

"वाळू तरी द्यायचंस! पंक्चरवाली ना तू?"

"तुझी पावलं ऐकू आली, मग काय करू?"

माइक चालूच होता. सगळा पब हसू लागला. दारातून दादा ओरडला, "भांडण घरी करा. आधी गाणं पुरं करा!"

नणंदही हसली. हसता हसताच, जिथे सूर तुटला होता तिथून तिने तो उचलला. वहिनी माझ्या लाकडी अंगावर बोटांनी ठेका धरू लागली. मी घुसमटून ऐकत होतो. माझ्या आडोशाशिवाय तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. थरथरणारा होता, पण वाकला नाही. गाणं संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

टाळ्या पडल्या आणि मला नवीच धडकी भरली. तिला आता माझी गरज उरली आहे का? दोघी माझ्यावर वाकून जखम बघत आहेत. दुरुस्ती कुठून करायची, आतून की बाहेरून, यावर वाद चालला आहे. बरं वाटतं आहे, पण भीती गेलेली नाही.

मित्रांनो, भात्यात उरलेल्या हवेवर एवढंच सांगतो. वस्तू फाटली तर जरूर शिवा, चिकटवा, नीट वाळू द्या. पण एकमेकांना सांगून करा. आम्हा मुक्यांना दोन्हीकडचं माहीत असतं आणि कुणाला सांगता येत नाही. आमचा अर्धा जीव त्यातच जातो.