अर्धी वास्वाची

नालोंगोच्या घरी जाताना मी बिस्किटांचा एकच पुडा कधी नेला नाही. दोन न्यायचे, तेही एकाच रंगाचे. दुकानदार म्हणायचा, "मुसावो, एक मोठा घ्या ना, स्वस्त पडेल." मी त्याला सुनावायचे, "तुझ्या घरी जुळी नाहीत, म्हणून अक्कल शिकवतोयस." आमच्याकडे नर्स असो की डॉक्टर, सगळ्यांना मुसावोच म्हणतात. आणि जुळ्यांच्या आईला तिच्या स्वतःच्या नावाने कुणी हाक मारत नाही. ती नालोंगो होते आणि मरेपर्यंत नालोंगोच राहते. मुलगे असतील तर थोरला वास्वा, धाकटा काटो, हेही ठरलेलं. नाव शोधायचा ताप आईबापाला नसतो.

ताप वेगळाच असतो. एकाला जे द्याल ते दुसऱ्याला द्यायचं. एकाला शर्ट घेतला की दुसऱ्यालाही तसाच. एकाला धपाटा घातला तर दुसऱ्याच्या पाठीला निदान हात तरी लावायचा. नाहीतर एक जण रुसतो, आणि रुसलेलं जुळं घरात थांबत नाही, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. मी नर्सिंगची तीन वर्षं काढली, रक्ताच्या पेशी काचेखाली डोळे फुटेस्तोवर बघितल्या, तरी माझ्या पिशवीत दोन पुडे असायचेच. शिकल्याने तेवढं जात नाही.

काटोला सिकलसेल होता, वास्वाला नव्हता. एकाच पोटातून पाव तासाच्या अंतराने आलेली पोरं, पण आईबापाच्या रक्तातलं जे वाईट होतं ते सगळं धाकट्याच्या वाट्याला आलं. त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, नसांत अडकायच्या, आणि मग ते पाच वर्षांचं पोर स्वतःचे पाय आवळून धरायचं आणि अशी किंकाळी फोडायचं की शेजारची कुत्री उठून जायची. वास्वा तेव्हा केळीच्या बुंध्याला टेकून नुसता उभा असायचा.

लुगाझी गावाच्या पुढे, उसाच्या मळ्यांना लागून आमचं छोटं संशोधन केंद्र होतं. अशा मुलांसाठी एका नव्या गोळीचा अभ्यास तिथे चालू होता. दोनशे मुलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. दिसायला सारखी, चवीला सारखी, बाटलीही तीच. कुणाला कुठली, हे मला ठाऊक नाही, आमच्या डॉक्टर किग्गुंडूंना नाही, आईला तर नाहीच. ती यादी दूर राजधानीत, कंपालात कुलपात. सही घेण्याआधी मी नालोंगोला हे तीनदा समजावून सांगितलं, आयांना दाखवायला ठेवलेल्या नमुन्याच्या खोट्या गोळ्यांची बाटलीही हातात दिली.

"म्हणजे माझ्या पोराला तुम्ही फसवणार," ती म्हणाली, "पण मला आधी सांगून."

"निम्म्याच पोरांना, नालोंगो."

"मग ठीक आहे." तिने पेन मागून घेतलं आणि वळणदार सही केली. ती सातवीपर्यंत शिकली होती आणि ते दाखवायची एकही संधी सोडत नसे.

दर दुसऱ्या मंगळवारी मी बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे बसून तिच्याकडे जायचे. जुनी बाटली घ्यायची, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, नवी द्यायची. रोज एक गोळी, सकाळी, पाण्याबरोबर. या मोजणीत आयांचं खरं रूप कळतं. कुणाच्या बाटलीत चार जास्त उरतात. कुणी वळणावर माझ्या बोडाचा आवाज ऐकून दोन उकिरड्यावर फेकते आणि तिला वाटतं मुसावो आंधळी आहे. नालोंगोची मोजणी सात महिन्यांत एकदाही चुकली नाही. आयांच्या सभेत डॉक्टरांनी तिला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती लाजली, पण बसायची घाई केली नाही.

महिन्यातून एकदा केंद्रात काटोचं रक्त घ्यायचं असायचं. तो हात पुढे करायचा, की लगेच वास्वाही करायचा. नालोंगोने मला काही सांगायची गरजच पडली नाही. मी बिनसुईची सिरिंज वास्वाच्या दंडाला टेकवायचे, वर कापसाचा बोळा चिकटवायचे. वास्वा खोटंखोटं कळवळायचा, ते बघून काटो हसायचा आणि स्वतःची सुई विसरायचा. डॉक्टर एकदा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "छान युक्ती आहे." मला केवढा अभिमान वाटला होता.

चौथ्या महिन्यात काटोचं दुखणं थांबलं. एक आठवडा गेला, तीन गेले. मी नालोंगोच्या वहीत तारखा लिहायचे, आणि साठाच्या पुढे गेल्यावर लाल पेनाने लिहिलं, 'एकसष्ट दिवस, दुखणं नाही.' अशा अभ्यासात काम करणाऱ्याने अंदाज बांधायचा नसतो. मी बांधला. मला वाटलं, खरी गोळी लागली या पोराला. काटो वास्वाच्या मागे पळत होता, फाटक्या चिंध्यांच्या चेंडूला लाथा मारत होता, आणि मी पंख फुटल्यासारखी बोडावर परत आले.

जूनमध्ये त्याला खोकला झाला, मग ताप, मग छाती भरली. सकाळीच नालोंगो त्याला कवटाळून केंद्रात आली. मोठ्या दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी सव्वादहाला तो गेला. मी त्याचं पाऊल धरून उभी होते. त्या फॉर्मवर एक चौकोन असतो, 'मृत्यू', त्यात मी खूण केली. नालोंगोसमोर तो शब्द उच्चारला नाही. आमच्यात जुळं मरत नाही, उडून जातं. "काटो उडाला," ती बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला म्हणाली, आणि म्हाताऱ्यांनी बजावलेलं असल्यामुळे मोठ्याने रडलीही नाही. मी मात्र औषधांच्या खोलीत जाऊन तोंडात रुमालाचं टोक कोंबून रडले.

मूल गेलं तरी बाटली परत आणायची असा नियम आहे. ज्याने तो केला तो कधी अशा दारात उभा राहिलेला नसणार. आठ दिवसांनी मी गेले. पिशवीत हात घातला तेव्हा कळलं की सवयीने पुडे दोनच घेतलेत. एक वास्वाला दिला, दुसरा तळाशी तसाच दाबून ठेवला.

नालोंगोने कपाटावरून बाटली काढली. सोबत एक कागदाची पुडी. "ही राहिली," ती म्हणाली. "त्या सकाळी त्याला गिळवेना."

पुडीत अर्धी गोळी होती. दाढीच्या पात्याने कापावी तशी सरळ, मधोमध कापलेली.

"ही अर्धीच आहे गं. बाकीची?"

"ती वास्वाने घेतली."

"वास्वाने कशाला?"

माणसं जेवतात कशाला असं मी विचारावं, तसं तिने माझ्याकडे बघितलं. "रोजच घेतो की. अर्धी काटोची, अर्धी वास्वाची. पहिल्या दिवसापासून. पात्याने कापते मी, चुराही सांडत नाही."

मी तिथेच चटईवर बसले. सात महिने. चौदा गोळ्या दिल्या की चौदा संपलेल्या. टाळ्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"यात सांगायचं काय? तू काय परकी आहेस? तूच तर दोन पुडे आणतेस." आणि मग तिने माझा चेहरा बघितला. हातातली बाटली तिने हळूच खाली ठेवली. "मुसावो, अर्धी दिली म्हणून उडाला का तो?"

"आधी गोळी खरी होती की खोटी ते कळू दे," मी म्हटलं. "खोटी असेल तर अर्धी काय नि अख्खी काय, सगळं एकच."

"म्हणजे खोटी असेल तर माझ्या हातून काही झालं नाही."

"काही नाही."

"आणि खरी असेल तर?"

मी वास्वाला हाक मारली. ती गोळी निरोगी पोराच्या पोटात सात महिने जात होती, त्याचं रक्त तपासणं भाग होतं. त्याने आनंदाने हात पुढे केला आणि सुई लागायच्या आधीच कळवळायला सुरुवात केली, नेहमीसारखं, बाजूला बघून, जणू हसणारा तिथेच आहे. मग खरी सुई आत गेली. तो ओरडला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला, आणि ती नजर मी अजून विसरलेले नाही.

डॉक्टर किग्गुंडू खोलीत येरझाऱ्या घालत होते. "सात महिने! आणि तुला संशयही आला नाही?"

"तुम्ही तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्यात," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. मग त्यांनी कंपालाला पत्र लिहिलं, की थोरल्याच्या पोटात काय गेलंय ते आम्हाला कळलं पाहिजे, यादी उघडा. त्या तीन आठवड्यांत नालोंगो चार वेळा केंद्रात आली. पाच मैल चालत. दारातूनच विचारायची, "आलं का?" मी नाही म्हटलं की पाणीसुद्धा न घेता परत फिरायची. गोळी खोटी निघावी म्हणून ती चर्चमध्येही गेली होती आणि आजोळच्या देवऋष्याकडेही, असं मला तिच्या शेजारणीने सांगितलं. मीही रोज तेच मागत होते. नर्सने आपल्याच अभ्यासातलं औषध खोटं निघावं म्हणून हात जोडावेत, अशी वेळ आली.

पत्र आलं. वास्वाचं रक्त ठीक होतं. आणि काटोची गोळी खरी होती.

"मी सांगतो तिला," डॉक्टर म्हणाले.

"नको. मी जाते." काय सांगणार आहेस, हे त्यांनी विचारलं नाही. बहुतेक त्यांना कळलं होतं. बोडावर बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं. दुकानात एक पुडा मागितला. दुकानदाराने या वेळी तोंड उघडलं नाही.

नालोंगो अंगणात हिरवी केळी सोलत होती. शेजारी पातेल्यात पानं अंथरलेली. मी वास्वाला पुडा दिला. त्याने तो काखेत धरला आणि दुसरा हात तसाच पुढे ठेवला, थोडा वेळ. मग खाली घेतला.

"वास्वाचं रक्त चांगलं आहे," मी म्हटलं. "आणि ती गोळी खोटी होती, नालोंगो. नुसती साखर नि पीठ. तुझी काही चूक नाही."

सुरी क्षणभर थांबली, परत चालू झाली. एक केळं सोलून झालं. दुसरं झालं.

"मग ते एकसष्ट दिवस?"

"कधीकधी आपोआप थांबतं."

"जन्मल्यापासून कधी थांबलं नव्हतं. पिठाने थांबलं?" ती उठली, आतून वही आणली, ते पान काढून माझ्यापुढे धरलं. लाल पेन. "अक्षर तुझंच आहे. मला वाचता येतं."

मी वही हातात घेऊन मिटली.

"मुसावो, तू गोळ्या मोजत जा. खोटं बोलणं तुझं काम नाही."

"खरी होती," मी म्हटलं. तिचं सांत्वन करायला गेलेली बाई मी, आणि मीच तिच्या केळाच्या सालींत डोकं घालून रडत होते. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. ओला, केळाच्या चिकाने चिकट झालेला हात.

"अख्खी दिली असती तर राहिला असता?"

"माहीत नाही. तरीही गेला असता कदाचित. कदाचित राहिला असता." हे मात्र खरं होतं.

वास्वाने पुडा फोडला होता. तो एकेक बिस्किट मोडत होता, अर्धं खात होता, अर्धं फडक्यावर ओळीने ठेवत होता. ती त्याच्याकडे बघत होती.

"तुमच्या कपाटात खोट्या गोळ्या असतात ना?" तिने विचारलं. "तू मला दाखवलेल्या?"

"असतात."

"सुई तू याला खोटीच लावायचीस."

"हो."

"मग एक खोटी बाटली याला का नाही दिलीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. रस्ता विचारावा तसं तिने विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे ते कपाट आलं, मीच पुसायचे ते, मीच कुलूप लावायचे. दुसऱ्या फळीवर रांगेने उभ्या नमुन्याच्या बाटल्या. तिथून एक उचलून पिशवीत टाकायची, दोन पुड्यांच्या शेजारी. एवढंच लागत होतं.

"सुचलं नाही गं," मी म्हटलं.

"मला तरी कुठे सुचलं," नालोंगो म्हणाली. "आत्ता सुचतंय." आणि तिने पुढचं केळं हातात घेतलं.