यंत्र चिकटलं, आकडा वाढला

"काका, मंत्र म्हन्तानी आमीच काऊन डोये मिटाचे? तुमी काऊन नाही?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून दहावीतल्या अर्पिताने भर गर्दीत विचारून टाकलं. वरवट बकालच्या बसस्टँडजवळचं गजेंद्रकाकांचं कॉम्प्युटरचं दुकान त्या शनिवारी दारापर्यंत खच्चून भरलं होतं. लोक हसले. काकाही हसले, म्हणाले, विजेचं तेज असतं, शाळकरी पोरींच्या डोळ्यांना सोसत नाही.

चमत्कार सगळ्यांना पाठ होता. टेबलावर जुनाट कॉम्प्युटर, त्यावर शर्यतीचा गेम. गाड्या खड्ड्यात अडकल्यासारख्या चालायच्या. सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा: एकोणतीस. काका डब्याला तांब्याचं यंत्र चिकटवायचे, अकरा वेळा मंत्र म्हणवून घ्यायचे. डोळे उघडावेत तर गेम नव्याने सुरू झालेला, आकडा अठ्ठावन्न! ही नुसती झलक, काका सांगायचे. खरी शक्ती त्यांनी सिद्ध केलेल्या महागड्या प्रोसेसरमध्ये.

आणि याची ग्वाही मागच्या शनिवारी दिली कुणी? अर्पितानेच. कॉम्प्युटरमधलं गावात कळतं ते आपल्यालाच, असा तिचा तोरा. माइक हाती येताच ती अशी काही बोलली, की तिच्या मैत्रिणीच्या, छकुलीच्या आईने, आशाबाईंनी, पोरीच्या हट्टापायी शिलाई मशीन देऊन प्रोसेसर नेला. आता मशीन काकांच्या कोपऱ्यात, आणि आशाबाईंची गिऱ्हाइकं आठवडाभर दारावरून परत.

या खेपेला अर्पिताने डोळे किलकिले ठेवले. तिसऱ्या मंत्राला काकांचा हात माउसकडे गेला. त्यांनी सेटिंग उघडलं, ग्राफिक्सच्या रकान्यात जुन्या पद्धतीऐवजी 'व्हल्कन' ही नवी पद्धत निवडली, गेम बंद करून पुन्हा लावला. संपला चमत्कार.

तिचे कान तापले. हे सेटिंग तिच्या घरच्या गेममध्येही होतं. व्हल्कनबद्दल तिने वाचलं होतं, पण ते कधी उघडून पाहिलंच नव्हतं.

मंत्र संपताच ती पुढे झाली आणि यंत्र नखाने खरवडून काढलं. आकडा अठ्ठावन्नच. सेटिंग जुनं करून गेम पुन्हा लावला: एकोणतीस. परत व्हल्कन: अठ्ठावन्न.

"यंत्रात काई नाही," ती म्हणाली. "बाजार समितीत एकाच हमालाले दर पोत्यामांगं येगळी चिठ्ठी फाडाले लावली, तं तो चिठ्ठ्यायतच मरते. जुन्या पद्धतीत प्रोसेसरचं तेच होते. व्हल्कन अख्ख्या ट्रॉलीची एक चिठ्ठी फाडते, अन् काम प्रोसेसरमधल्या चार हमालायत वाटते. म्हून जुनाच प्रोसेसर पुरते. ज्याचं ग्राफिक्स कार्डच कमजोर, त्याले याचा बी फायदा नाही. पन पयले सेटिंग तं पाहा."

काका शांतपणे म्हणाले, "मंग मांगच्या शनवारी माइकवर कोन बोललं होतं, मास्तरीणबाई?"

"मीच. तपासल्याबिगर बोलली."

गर्दीतून पुढे आलेल्या आशाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "प्रोसेसर सकायी आनून देतो," एवढंच त्या काकांना म्हणाल्या आणि मशीनची एक बाजू धरली, दुसरी छकुलीने. भरल्या दुकानात त्यांना अडवायची काकांची छाती झाली नाही. अर्पिताला कुणी बोल लावला नाही. तेच तिला जास्त लागलं.

घरी आई-बाबा जेवायला बसले होते. तिने ताट घेतलं नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं.

"माह्या शब्दावर आनखी सहा घरायनं प्रोसेसर घेतले. उद्यापासून मी सहाही घरी जानार. आधी माफी मागनार, मंग सेटिंग दाखवनार. अन् सांगनार, चमत्कार दिसला का हात जोडाच्या आधी इचारा, नेमकं बदललं काय?"

बाबा म्हणाले, लोक हसतील.

"हसू द्या. मी जानार."