दरवर्षी एक जास्त

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. साठ इंच लांब, रंगाने पिवळी, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी. त्यातली एक टोपी कधीच पडली, आणि एक, दोन, तीन हे आकडे बोटांनी पुसून गेले. माझ्यावर काही मोजायचं तर आता चारपासून मोजावं लागतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. मेणकापडाची पट्टी रुळांखालून गेली, तिच्यावर शाई उमटली आणि एका खोक्यात आम्ही बारा बहिणी गुंडाळून झोपलो. डोळे उघडले तेव्हा मी एका बाईच्या गळ्यात होते. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग करायची. सगळे तिला कटिंगबाई म्हणत. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूने आखायचं आणि सगळे थर एकदम कापायचे. शंभर सदरे हवे असतील तर शंभर थर. तिचा हिशेब कधी चुकला नाही. मालक आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या बाईंच्या हातात टेप असली की मला फेरतपासणी लागत नाही." मलाही वाटायचं, कौतुक माझंच चाललंय.

तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनी बंद पडल्यामुळे पाच महिने घरीच होता. दीड खोलीत हे तिघं आणि सासूबाई. अशात तिला पुन्हा दिवस गेले.

एका सकाळी तिने दार लोटून मला स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळलं. सव्वाअठ्ठावीस. पंधरा दिवसांपूर्वी पोलकं बेतताना अठ्ठावीस होतं. ती त्या रेषेकडे बघत राहिली. मग मला गळ्यात टाकून बाहेर आली आणि सांगितलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत्ता कुठे जरा डोकं वर काढायचं म्हणतोय आपण. पण मी कोण बाई सांगणारी? तुझं तू ठरव."

नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं."

दोघांनी एवढं बोलून हात झटकले. ठरवायला ती एकटी उरली.

तिने ठरवलं. दवाखान्यात मी बरोबर होते, कारण मला गळ्यातून काढायचं ती विसरली होती. नर्स म्हणाली, "अगंबाई, इथेही माप घ्यायला आलात?" मग तिचा चेहरा बघितला आणि मला कपड्यांच्या घडीवर अलगद ठेवलं. नवरा बाहेर बाकावर बसून भिंतीवरच्या पाट्या वाचत होता. घरी जाताना म्हणाला, "चला, सुटलो एकदाचे." सासूबाईंनी शेजारी सांगितलं, "सुनेचं पोट बिघडलंय. काहीतरी अरबट चरबट खाल्लं असेल." आणि त्या दिवसापासून त्या घरात त्या गोष्टीचं नाव 'पोट बिघडलं होतं तेव्हा' असं पडलं.

महिन्याभराने तिने पुन्हा मला कमरेला गुंडाळलं. अठ्ठावीस.

पाव इंच, मित्रांनो. आमच्या धंद्यात पाव इंचाला कोणी विचारत नाही. शिवणीत जादा कापडाची माया सोडतात, त्यात तो सहज जिरतो.

आता एक नीट ऐका, कारण इथे लोक हमखास घाई करतात. आपला निर्णय चुकला, असं तिला कधी वाटलं नाही. तीच दीड खोली पुन्हा समोर आली असती तर तिने पुन्हा तेच ठरवलं असतं. पण आपण होऊन ठरवलेल्या गोष्टीचं वाईट वाटून घ्यायचं नसतं, असं सगळ्यांनी तिला न बोलता बजावलं होतं. रडायला काहीतरी निमित्त लागतं, आणि बिघडलेल्या पोटासाठी कोण वर्षानुवर्षं रडतं?

काही वर्षांनी बालवर्गाची ऑर्डर आली. अठरा नंबरचे एकशे वीस सदरे. तिने थर अंथरले, कापले, गठ्ठे बांधले. संध्याकाळी मालक आले. "बाई, एकशे एकवीस झालेत की हो!" तिने तीनदा मोजलं. खरंच एक जास्त. मग हातातला तो छोटा सदरा बघताना तिच्या एकदम ध्यानात आलं, की या वर्षी बालवर्गात गेलं असतं.

त्या वर्षी ती चूक होती. पुढच्या वर्षीपासून नव्हती.

वीस नंबर, एक जास्त. बावीस नंबर, एक जास्त. मूल जसं वाढलं असतं तसा नंबर वाढायचा. सदरा ती घरी नेत नसे. तो गठ्ठ्यात जायचा आणि कुठल्यातरी मुलाच्या अंगावर चढायचा. मालकांनी तिची खोड म्हणून सोडून दिलं. कोणाचा हरवला, फाटला, तर तो जादा कामाला यायचा.

कारखान्यात काजं करणाऱ्या एक मावशी होत्या. तोंडाने फटकळ. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांसमोर उडवलं, "बाईंचं गणितच गरोदर आहे गं! दरवर्षी एक जास्त!" सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली. मी तिच्या गळ्यात होते म्हणून सांगते, ते हसू तिने घशातून कसं ओढून काढलं ते.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. घर मोठं झालं. मुलगी नोकरीला लागली. मीही ओढून ओढून थकले. मग मालकांच्या मुलाने कटिंगचं मशीन आणलं. ते थर स्वतः अंथरतं, स्वतः मोजतं. मशीनबरोबर आलेल्या सुपरवायझरने मला पोलादी पट्टीशेजारी ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. "बाई, ही साठ म्हणते तेव्हा एकसष्ट असतं. खोटं बोलते तुमची टेप." ज्या टेबलावर माझं कौतुक झालं, त्याच टेबलाच्या खणात मला टाकलं. गंजलेल्या सुयांच्या शेजारी.

ते वर्ष छत्तीस नंबरचं होतं. शाळेचं शेवटचं वर्ष. त्यानंतर गणवेश नाही, म्हणजे जादा सदराही नाही. आणि मशीन एकही थर जास्त घेऊ देईना.

सुट्टीच्या दिवशी तिने मला खणातून काढलं, घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं. दुपारपर्यंत सदरा उभा राहिला. काजं तेवढी राहिली. नवरा पेपर घेऊन आला.

"हे कोणाचं?"

"शेवटच्या वर्गाचं."

"आपल्याकडे कोण आहे शेवटच्या वर्गात?"

"या वर्षी असतं."

तो पेपरची घडी करत राहिला. मग म्हणाला, "बाह्या लांब झाल्यात."

"तुमच्यावर गेलं असतं उंचीला."

"अगं, अजून तेच धरून बसलीस? तूच ठरवलं होतंस ना?"

"हो. मीच ठरवलं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर. बाकावर."

"आत का नाही आलात?"

"तू बोलावलं नाहीस."

ती हसली. या वेळी ते हसू ओढून काढावं लागलं नाही, मित्रांनो, आपसूक आलं, आणि ते फार वाईट होतं. तो म्हणाला, "चहा टाकू का?" पंधरा वर्षांत त्याने दिलेलं उत्तर हे एवढंच. तिने सदरा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी तिने तो काजांच्या ढिगात हळूच सरकवला. मावशींनी उचलला, शिवण उलटी करून बघितली. मशीनचा काप आणि हाताचा काप त्यांना कळत नाही, असं थोडंच आहे? त्यांनी निमूटपणे सातही काजं केली. एरवी घाईत करतात तशी नाही, दाट टाक्यांची. मग तिच्या टेबलापाशी आल्या.

"अठरा नंबरापासून त्या एकाची काजं मीच करतेय, बाई. मोजता मलाही येतं. त्या दिवशी ते तोंडातून गेलं आणि तुझा चेहरा बघितला. तेव्हापासून ही जीभ चावतेय."

"नाव काय ठेवलं असतंस गं?"

हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. तिने मला गळ्यातून काढलं, बोटांना गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"नाव सुचलंच नाही, मावशी. नुसतं मापच घेत गेले."

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे मालकांचा मुलगा सुपरवायझरवर ओरडत होता, "दोनशे दहा सांगितले, दोनशे अकरा कसे? एवढं मशीन घेऊन ठेवलंय, तेही चुकायला लागलं?"

आता मी पुन्हा खणात आहे. माझी एक विनंती आहे. आम्हा टेपांना फार ओढू नका. वर्षातून एकदा पोलादी पट्टीशेजारी ठेवून बघा, आम्ही किती ताणलो आहोत ते. आणि तुमच्या घरात कोणाला कधी 'तुझं तू ठरव' म्हणालात, तर तिने ठरवल्यावर पुन्हा एकदा जवळ जाऊन बसा. ती बोलावणार नाही. तरी जा.

मी खोटं बोलते म्हणून मला काढून टाकलं, ते बरोबरच आहे. पण त्या सकाळी मी नवीकोरी होते, मित्रांनो. तो पाव इंच खरा होता.