दार लावून किती?

सकाळी साडेनऊपासून तिने तो कागद दहा-अकरा वेळा तरी वाचला असेल. एकच पान. वर गिऱ्हाईकाचं नाव, खाली विजेच्या चौदा पॅनेलांची, म्हणजे तारांच्या लोखंडी कपाटांची, यादी, प्रत्येकापुढे एकाच स्विचचा नंबर आणि उजव्या कोपऱ्यात तिची सही. चार वाजता हा कागद खरेदी खात्यातून बाहेर पडायचा होता. एकदा गेला की स्विच यायचे, पॅनेलांत बसायचे, पॅनेलं ट्रकवर चढायची आणि ब्रेडच्या कारखान्यात भट्ट्यांच्या शेजारी जाऊन उभी राहायची. तिथून मग त्यांना हाक मारून परत बोलावता येत नाही.

कागदात चूक सापडत नव्हती, आणि मनातली पाल काही चुकचुकायची थांबत नव्हती.

आता हे स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सासूबाईंना हे सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते. "महिनाभर एक स्विच निवडतेस? दाबला की लागला, संपलं!" त्या म्हणाल्या होत्या. मग तिने वाटी-चमचे मांडून दाखवलं. "आई, कारखान्यात यंत्रं एकमेकांशी बोलतात. भट्टी पट्ट्याला सांगते, पट्टा भट्टीला सांगतो. सगळ्यांच्या तारा ज्या डबीत येऊन मिळतात ती डबी म्हणजे हा स्विच. डबी मेली की सगळे मुके. पट्टा जागच्या जागी थांबतो, भट्टी गरमच राहते, आतला पाव आतच जळतो."

"म्हणजे मीच की ती डबी," सासूबाई म्हणाल्या. "या घरातले सगळे निरोप माझ्यातूनच जातात."

महिनाभर तिच्या टेबलावर तीन डब्या होत्या. पहिली प्लॅस्टिकची, ऑफिसात कॉम्प्युटरच्या मागे धूळ खात पडलेली असते तसली. ती पहिल्याच दिवशी बाद. दुसरी पत्र्याची, पॅनेलमधल्या पट्टीवर खटकन बसणारी, साठ अंशांपर्यंत तापली तरी चालणारी, दहा दिवसांत मिळणारी. तिसरी दिसायला दुसरीची जुळी बहीण, पण पंचाहत्तर अंश सोसणारी, आणि यायला आठ आठवडे. पॅनेलं तर महिनाअखेर जायची होती.

ती स्वतः कारखान्यात जाऊन आली होती. सगळ्यांत तापणाऱ्या तीन नंबरच्या भट्टीजवळच्या जुन्या पॅनेलमध्ये थर्मामीटर धरून तिने आकडा घेतला होता, चव्वेचाळीस. साठातून चव्वेचाळीस गेले, सोळा उरले. सोळा अंश हाताशी. दुसरी डबी. इतकं सरळ.

"सोळा अंश म्हणजे पाय पसरून बसायला जागा आहे," शेजारच्या टेबलावरून कॅटलॉग म्हणाला. त्याला सगळे कॅटलॉगच म्हणत, कारण कुठल्याही सामानाचा नंबर तो झोपेतसुद्धा सांगेल अशी त्याची ख्याती होती. "तू ना, बाळ झाल्यापासून ताकही फुंकून पितेस."

"आधी दुधाने तोंड भाजावं लागतं रे," ती म्हणाली. "माझं अजून भाजायचंय, फुंकणं आधीच सुरू."

तो हसला. तीही हसली. पण त्याने बोट नेमकं दुखऱ्या जागीच ठेवलं होतं.

सात महिन्यांच्या चिमणीला घरी ठेवून ती कामावर परतली त्याला दोन महिने झाले होते, आणि या दोन महिन्यांत तिला सतत कसली ना कसली धास्ती वाटत असे. गॅस बंद केला का? पाळण्याची कडी नीट बसली का? एकदा तर गॅलरीचं दार उघडं राहिलं म्हणून ती अर्ध्या रस्त्यातून घरी पळाली होती. दार बंद होतं, कडी लावलेली होती, आणि चिमणी आजीच्या मांडीवर बसून चमचा चोखत होती. घंटा रोजच वाजायला लागली तर खरी आग लागल्याचं कळायचं कसं? आताची ही धास्ती कागदाची की घरची, हेच तिला उमगत नव्हतं.

आणि उमगल्याशिवाय तोंड उघडायची सोय नव्हती. सुट्टीनंतर तिच्या एकटीच्या सहीने जाणारं हे पहिलं काम. ते देताना साहेब कॅटलॉगला जिन्यात म्हणाले होते, "बघू या, लक्ष लागतंय का तिचं." तिने ते ऐकलं होतं. शेवटच्या क्षणी नुसतं 'मला कसंतरी वाटतंय' म्हणून कागद अडवला असता तर तिचं लक्ष कुठे असतं यावर कायमचा शिक्का बसला असता.

दुपारी एक वाजता तिने घरी फोन केला. चिमणीने बाटली तोंडाला लावू दिली नव्हती. "चमच्याने पाजते मी, तू तुझं काम कर," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मग डबा पुढ्यात ठेवून ती मोबाइलमधले चिमणीचे फोटो चाळत बसली. दात नसलेलं हसू. टोपी. परत टोपी. मग मध्येच एक करडा, वायरींचा फोटो आला. तीन नंबरचं पॅनेल, त्यात धरलेला थर्मामीटर, त्यावर चव्वेचाळीस. आकड्याचा पुरावा म्हणून तिनेच काढलेला.

ती पुढे जाणार होती, पण बोट थांबलं. थर्मामीटरच्या मागे एका वायरला कागदी चिठ्ठी बांधलेली होती, ओळख पटावी म्हणून बांधतात तशी. ती चिठ्ठी खाली लोंबत नव्हती. आडवी उडाली होती.

नुसतं दार उघडून पेटीत एवढा वारा कुठून येणार?

डबा तसाच ठेवून तिने कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

"दादा, मी आले होते तेव्हा तीन नंबरच्या पॅनेलचं दार मी यायच्या आधीपासून उघडं होतं का?"

"म्हणजे काय मॅडम! उघडंच असतं. दार लावलं तर गुदमरतं ना ते."

"आणि पंखा?"

"रोजचा एक असतोच. तुम्ही येणार त्या दिवशी दोन लावले होते. फोरमनसाहेब म्हणाले, पॅनेल जरा गार करून ठेवा, बाई तपासायला येतायत."

पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसं त्या भल्या माणसांनी पॅनेल गार करून ठेवलं होतं. आणि तिने आवरलेलं घर बघून सही ठोकली होती. नवी पॅनेलं तर रबर लावून दार घट्ट बंद राहणारी करायची होती. गिऱ्हाईकाची अटच ती होती, कारण उघड्या दारातून पिठाची धूळ आत जाऊन जुने स्विच एकामागून एक मरत होते. गरम होतं म्हणून दार उघडायचं, दार उघडलं म्हणून पीठ जायचं. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. फक्त दार लावून किती होतं, ते तिने विचारलं नव्हतं.

"दादा, आत्ता दार लावाल? थर्मामीटर आत ठेवून?"

"लाइन चालू आहे मॅडम. बंद पडली तर फोरमन पावाच्या आधी मला भट्टीत सारेल."

"तासभर फक्त. दर दहा मिनिटांनी आकडा कळवा. माझं सगळं त्यावर अडलंय."

दादाने पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवला. "फोरमन तीनला फेरी मारतात. तोपर्यंत लावतो. पण तुम्ही सांगितलंत असं मी सांगणार हां."

"सांगा."

दोन वाजता निरोप आला, चव्वेचाळीस. मग अठ्ठेचाळीस. मग एक्कावन्न. ती उठली, पाणी प्यायली, बसली, परत उठली. चोपन्न. पंचावन्न. तीनला दहा मिनिटं असताना सत्तावन्न, आणि लगेच मागोमाग: 'फोरमन आले. दार उघडलं. सॉरी मॅडम.'

सत्तावन्न. साठ नव्हे. तिने आकडे कागदावर मांडले आणि त्यांवरून रेघ ओढली. रेघ वर जात होती, पण वाकत वाकत.

कॅटलॉग खांद्यामागे येऊन उभा राहिला. "वेग कमी होतोय बघ. एकोणसाठला थांबेल. जाऊ दे कागद."

"आणि एकसष्टला थांबला तर?"

"एका अंशाने काय मरतंय?"

"आज हवा गार आहे. उन्हाळ्यात?"

त्याने रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. पुढे कागद कोरा होता. पुरावा अर्धवट होता, सव्वातीन वाजले होते, आणि ती नेहमीची धास्ती गेलेलीही नव्हती. एवढंच की आता तिला तिचं कारण बोटाने दाखवता येत होतं.

खरेदीवाले काका साहेबांच्याच खोलीत बसले होते. ती दारातच म्हणाली, "सर, स्विचचा कागद थांबवायचाय."

"अगं पोरी!" काका खुर्चीत वळले. "वरात दारात आली आणि तुला आता नवरा बदलायचाय?"

साहेबांनी हात वर केला. "आकडा साठच्या वर गेला?"

"नाही. सत्तावन्नला दार उघडावं लागलं."

"मग थांबवायचं कशाला?"

जिन्यातलं ते वाक्य तिच्या कानात होतंच. तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "कारण दार लावून तो कुठे थांबेल ते मला माहीत नाही. ज्या आकड्यावर मी सही केली तो दार उघडं ठेवून, दोन पंखे लावून घेतलेला आहे. मी समोर उभी होते आणि मी विचारलं नाही. चूक माझी आहे. कारखान्याची नाही."

काकांनी पेन खिशाला लावलं.

"गिऱ्हाईकाला कोण सांगणार?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"आत्ता. इथूनच."

तिने फोन लावला. कारखान्याचे व्यवस्थापक आधी ऐकत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आमचं काम लांबणार?"

"उद्या सकाळी येऊन दार लावून नीट मोजते. साठच्या बऱ्याच खाली थांबला तर एकच दिवस गेला. नाहीतर आठ आठवडे."

"आठ आठवडे! बाई, हे महिनाभरापूर्वी का नाही मोजलंत?"

"मोजायला हवं होतं," ती म्हणाली.

ते बरंच बोलले. शेवटी वैतागून म्हणाले, "या सकाळी आठला. लाइन रिकामी चालवतो दुपारपर्यंत. पण आमची माणसं रोज पंखे लावतात, हे मला आज तुमच्याकडून कळतंय, त्यांना काय बोलू मी?"

"काही बोलू नका. त्यांनी तर ते पॅनेल इतके दिवस जगवलं."

फोन ठेवल्यावर साहेबांनी कागद फाडला नाही की शाबासकीही दिली नाही. त्यांनी तो खणात ठेवला. "या कामाच्या प्रत्येक कागदावर यापुढे दोन सह्या. दुसरी कॅटलॉगची."

हे होणार हे ठाऊक असणं निराळं आणि प्रत्यक्ष ऐकणं निराळं. "बरं सर," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन कॅटलॉगला तिनेच सांगितलं. त्याने चष्मा पुसला. "मी पण विचारलं नव्हतं गं, दार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला तीन नंबरचं पॅनेल बंद झालं. दाराच्या फटीला तिने चिकटपट्टी लावली, थर्मामीटरची बारीक वायर तेवढी बाहेर ठेवली, आणि ब्रेडचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसली. भट्टी धगधगत होती. पट्टा रिकामाच फिरत होता. दोन्ही पंखे भिंतीकडे तोंड करून शिक्षा झाल्यासारखे उभे होते.

"लाइन पडली तर?" फोरमनने विचारलं.

"तर तुमचा जुना स्विच किती अंशांवर जीव सोडतो तेही लिहून घेऊ."

फोरमनला हसू आलं, पण तो तिथून हलला नाही.

साडेनऊला सत्तावन्न. साडेदहाला एकोणसाठ. मग आकडा तिथेच अडून राहिला, वीस मिनिटं. इलेक्ट्रिशियन दादा हळूच म्हणाला, "थांबला वाटतं मॅडम." आता हा असाच राहिला, तर कालचं सगळं कशासाठी? दोन सह्या, गिऱ्हाईकाची बोलणी, काकांची वरात? क्षणभर तिने मनातल्या मनात त्या आकड्याला वर ढकललंही, आणि मग स्वतःचीच लाज वाटून तिने मान खाली घातली. अकराला पाच कमी असताना साठ झाले. अकरा वाजून वीस मिनिटांनी एकसष्ट.

"गेला," दादा म्हणाला.

फोरमनने डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "म्हणजे बाई, काल तो कागद गेला असता तर…"

"हो."

"झालं मग. सिद्ध झालं. लावू का पंखे?"

"नको."

"आता काय राहिलं?"

"तिसऱ्या डबीला पंचाहत्तर चालतात," ती म्हणाली. "उन्हाळ्याचे सात-आठ यावर आणखी धरायचे. तेवढ्यात ती पुरते का ते आज कळायला हवं. परत न विचारता सही नको."

"अजून किती वेळ बसणार?"

"चढायचा थांबेपर्यंत."

दादाने दुसरा क्रेट ओढला आणि तिच्या शेजारी बसला. ती आकड्यावरून नजर न हलवता पाय हलवत राहिली, डावा, मग उजवा.

"बासष्ट," ती म्हणाली, आणि वेळ बघून वहीत लिहून घेतलं.