शंखाआधीचा उजेड

पहिला शंख वाजला तेव्हा पेनीना नीरफणसाच्या झाडाखाली बसून प्रोजेक्टरची काच पुसत होती. समोर चर्चची पांढरी भिंत, पाठीमागे राजधानीकडून, आपियाहून, येणारा रस्ता. शनिवारी चर्चला शंभर वर्षं पुरी होणार होती, दहा गावांच्या गायनमंडळ्या यायच्या होत्या, आणि त्याचं आवतण आठवडाभर रोज या भिंतीवर हलत्या चित्रांतून द्यायचं ठरलं होतं. बसमधल्या माणसांनी माना वळवून बघावं, एवढंच.

ठरलं होतं, पण सुखासुखी नाही. देवाच्या भिंतीवर सिनेमा कशाला, म्हणून मताईंच्या, म्हणजे घराण्यांच्या वडीलधाऱ्यांच्या, बैठकीत त्यांच्यातल्याच आसिआतांनी दोन तास सगळ्यांना धारेवर धरलं होतं. शेवटी पेनीनाचे वडील बोलले. पोर ऑकलंडला दुकानांच्या भिंतींवर हेच काम करते, तिचा शब्द तो माझा शब्द. थोरले मताई तुआला यांनी मग एकच अट घातली : सांजप्रार्थना संपल्याचा तिसरा शंख होईस्तोवर भिंतीवर उजेडाचा ठिपकाही पडायचा नाही. पडला, तर चित्रं कायमची बंद. वडिलांनी सगळ्यांदेखत मान डोलावली होती.

पहिला शंख म्हणजे घर गाठा. पेनीनाने सगळं होतं तसंच सोडलं, सात महिन्यांच्या लेकीला, लोसाला, कडेवर घेतलं आणि धावली. दुसऱ्या शंखाला घरचे सगळे चटयांवर मांडी घालून बसले. या घराला भिंती नाहीत, नुसते खांब आणि वर छप्पर. चर्च अगदी समोर. रस्त्यावर पहाऱ्याचे तरुण हातभर अंतराने उभे राहिले. आता तिसऱ्या शंखापर्यंत कुणी रस्ता ओलांडायचा नाही. वडिलांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. चर्चसमोरच्या या घरातली प्रार्थना संपली की तिसरा शंख वाजायचा.

लोसा मांडीवर खुदकन हसली.

पेनीनाने एक डोळा किलकिला केला. भिंत निळीशार झाली होती. त्या निळाईतून मासे पोहत वर गेले, आणि मग शंभर वर्षांपूर्वीची माणसं आली, समुद्रातून पोवळ्याचे दगड खांद्यावर वाहत, एकामागून एक.

सूर्य मावळला की आपोआप सुरू हो, असं ऑकलंडला सरावाच्या वेळी तिनेच यंत्राला सांगून ठेवलं होतं. ते काढायचं राहिलं. बाळाच्या दुखण्यात, विमानाच्या गडबडीत, राहूनच गेलं. आणि आता उठून बंद करायला जावं, तर तो दुसरा गुन्हा. आवाजाची पेटी जोडलेली नव्हती, तेवढीच देवाची कृपा. वडील मधेच अडखळले. मग त्यांची प्रार्थना लांबली. न्यूझीलंडमधल्या चुलतभावांची नावं घेऊन झाली, मग त्यांच्या सुनांची. आजवर त्यांनी सुनांसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

रात्री वडील तिच्याकडे पाठ करून निजले. तेच जास्त लागलं. सकाळी बैठकीचं बोलावणं आलं. पेनीनाचं दूध काळजीने आटल्यासारखं झालं होतं. लोसा छातीशी लागायची, चिडायची, तोंड फिरवायची. आई म्हणाली, "तिला घेऊनच जा. रडली तर रडू दे, मताईंनाही कळू दे."

बैठकीत प्रत्येक खांबाला एकेक मताई टेकून बसले होते. पेनीना कडेला, वडिलांच्या मागे बसली. आसिआतांनी गाऱ्हाणं मांडलं : ऐन प्रार्थनेत भिंतीवर चित्रं नाचली, अट मोडली, शब्द मोडला. पेनीना पुढे सरकून चूक कबूल करू लागली, तसा तुआलांनी हात वर केला.

"पोरी, तुला अजून कुणी विचारलेलं नाही." मग ते आसिआतांकडे वळले. "चित्रं कुणी पाहिली?"

"अख्ख्या गावानं."

"गाव प्रार्थनेत होतं. तुम्ही कुठं होता?"

"घरी. प्रार्थनेतच की."

"डोळे?"

आसिआतांनी घसा खाकरला. "मिटलेले. बायको म्हणाली मला."

"मग वहिनींचे उघडे होते, असं लिहून घेऊ?"

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. आसिआतांनी पंखा उचलून वारा घ्यायला सुरुवात केली. तुआलांनी एकेका खांबाकडे पाहिलं. प्रत्येकाचे डोळे काल घट्ट मिटलेले निघाले. राहता राहिले पहारेकरी. त्यांचा म्होरक्या पेलेनातो बाहेरूनच बोलला, "आमचं काम रस्ता बघायचं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भिंतीचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"म्हणजे साक्षीदार नाही," तुआला म्हणाले. "आजपासून ते यंत्र तिसऱ्या शंखानंतर तू तुझ्या हातानं लावायचं. त्याच्या मनावर सोडायचं नाही. कळलं?"

"हो."

"आणि दगड वाहणारा तो तिसरा माणूस. ते माझे आजोबा ना?"

"तुमच्या घरातल्या फोटोवरून काढलेत," पेनीना म्हणाली.

"ते डाव्या पायानं लंगडायचे. तू उजव्यानं लंगडवलंस."

आसिआतांचा पंखा थांबला. तुआलांनी लुंगीची घडी नीट केली, बैठकीत प्यायच्या कावा पेयाच्या परातीकडे पाहिलं, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. पेनीनाचे वडील आधी हसले. मग आसिआता, इतके की पंखा खाली पडला.

"प्रार्थना फार लांबवलीत तुम्ही काल," तुआला वडिलांना म्हणाले. "म्हातारी माणसं आम्ही. डोळे किती वेळ मिटून राहणार?"

घरी येताना वडील पुढे चालत होते. थांबले, मागे वळून त्यांनी लोसाला घ्यायला हात पुढे केले, पण पेनीनाच्या सदऱ्यावर दोन ओले डाग पसरलेले दिसले, तसे हात मागे घेऊन ते म्हणाले, "आधी तिला पाज. भुकेजलीय."

ती तिथेच रस्त्याकडेच्या नारळाखाली बसली. लोसाने अधाशासारखं तोंड लावलं आणि मोठमोठे घोट घेऊ लागली. वडील उन्हाच्या बाजूला सावली धरून उभे राहिले.

"डावा पाय दुपारपर्यंत होईल का गं?" त्यांनी विचारलं.

"हिला झोपू दे," पेनीना म्हणाली. "ही झोपली की बसते."